आत्याचा एक डाव माझ्याकडे

आत्याचे शेवटचे काही पत्ते वर चढायचे राहिले होते, आणि मी टेबलाखाली वाकून कॉम्प्युटरची पिन उपटली. मुद्दाम नाही. माझ्या मोबाइलने मान टाकली होती, चार्जर लावायला जागा हवी होती, आणि खालच्या बोर्डावर एकमेकींच्या गळ्यात पडलेल्या वायरींमध्ये मला ती पंख्याची पिन वाटली. पंखा वर फिरतच राहिला. कॉम्प्युटर मात्र बारीक उसासा टाकून काळाठिक्कर पडला.

"काय झालं?" मी टेबलाखालूनच विचारलं.

"काही नाही," आत्या म्हणाली. "वारा छान लागतोय."

बाहेर आलो तर ती माउसवर हात ठेवून तशीच बसली होती. मागच्या खुर्चीत आतोबांचा पेपर हळूच खाली आला.

"गेला?"

"गेला."

"मग आता भंगारवाल्याला काय सांगू?"

पत्त्यांचा आणि भंगारवाल्याचा संबंध काय, हे कळायचं तर आधी आत्या कळायला हवी.

आत्या टायपिंग शिकवायची. सायकलच्या दुकानावर, अरुंद जिना चढून गेलं की एक लांबट खोली. मशिनांच्या दोन रांगा, रिकाम्या मशिनांवर रेक्झिनची कव्हरं, समोरच्या भिंतीवर गोल घड्याळ आणि घड्याळाखाली आत्या. शाईच्या रिबिनीचा आणि तेलाचा मिळून एक वास होता, तो तिच्या पर्सला घरीसुद्धा यायचा. गावातल्या कुठल्याही कचेरीत तिच्याबरोबर गेलो की टाइप करणारा माणूस तिला बघून खुर्चीतून अर्धा उठायचा आणि आमचं काम रांगेबाहेर व्हायचं. पोरं तिला मागून टकटकबाई म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि फारसं वाईट वाटत होतं असंही नाही.

ती पाठ करून उभी असली तरी सुटका नव्हती. "तिसरं मशिन, करंगळी झोपली का?" असं खिडकीकडे बघत विचारायची. खोडरबर वर्गात आणायची बंदी. वेळ संपल्याची घंटी झाली की ती रांगेतून जायची आणि मशिनांमधले कागद सर्रकन ओढून घ्यायची. शब्द अर्धा असला तरी.

"बाई, एकच अक्षर राहिलं होतं."

"राहिलं ते राहिलं. कागदावर आहे ते तुझं."

मीही शाळेच्या एका सुट्टीत तिथे बसलो. भाचा म्हणून सवलत मिळेल असं वाटलं होतं. मिळाली. इतरांच्या बोटांवर पट्टी बसायची, माझ्या बोटांवर नुसती टेकायची. पण त्याआधी "दादाचं नाव घालवणार तू," हे सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं बोलून व्हायचं.

पुढे पोरं कमी होत गेली. कचेऱ्यांत कॉम्प्युटर आले, त्यांच्या शेजारी कॉम्प्युटर शिकवणारे क्लास आले. मी शहरात नोकरीला लागलो आणि माझा कॉलेजातला जुना कॉम्प्युटर तिच्या खोलीत आणून ठेवला. म्हटलं, हा शिकून घे, तुझाही क्लास चालेल. कीबोर्डचं काही नव्हतं. त्यावर ती बसल्या बसल्या माझ्या दुप्पट वेगाने धावली. अडलं ते माउसवर. दहा बोटांनी, न बघता टाइप करणारी बाई त्या एवढ्याशा उंदरापुढे हात टेकून बसली. आधी तिने तो इस्त्रीसारखा दाबून फिरवला. मग तो टेबलाच्या कडेशी आला.

"टेबल संपलं रे."

"मग उचल आणि परत अलीकडे ठेव."

तिने उचलला आणि बाण पुढे जातोय का ते हवेत धरून बघत बसली.

म्हणून मी तिला पत्ते लावायला शिकवले. कॉम्प्युटरवरचा एकट्याने खेळायचा डाव. त्यात पत्ता धरायचा, ओढायचा, सोडायचा. माउसची सगळी शिकवणी फुकटात होते.

"ह्या सात रांगा. लालवर काळं, काळ्यावर लाल, उतरत्या क्रमाने. काळ्या दश्शीवर लाल नव्वी, तिच्यावर काळी अठ्ठी."

"पालथे आहेत त्यांचं काय?"

"वरचा पत्ता हलला की खालचा उलटायचा."

"आणि कोपऱ्यात?"

"उरलेला गठ्ठा. त्यातून तीन-तीन निघतात, पण हाताला लागतो फक्त सगळ्यात वरचा."

"बाकीचे दोन नुसते बघायचे?"

"हो."

"छळच आहे," ती म्हणाली आणि खुर्ची पुढे ओढली.

वर चार मोकळ्या जागा असतात. तिथे इस्पिक, बदाम, चौकट, किलवर असे वेगवेगळे, एक्क्यापासून राजापर्यंत चढवायचे. चारही राजे वर पोचले की डाव लागला. हे तिला पटलं. खाली एखादी रांग मोकळी झाली तर तिथे फक्त राजा बसतो, हे मात्र अजिबात पटलं नाही.

"राणीने काय घोडं मारलंय?"

"नियम आहे, आत्या."

"कुणी केला?"

"राजानेच केला असणार," आतोबा मागून म्हणाले.

मग मी तिला चाल मागे घ्यायची सोय दाखवली. चुकलं तर इथे दाबायचं, शेवटची चाल परत येते. त्या जुन्या खेळात एकच यायची, त्याच्या आधीची नाही. तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी खिशातून खोडरबर काढून टेबलावर ठेवला.

"मागे घेता येते तर ती चूक कसली?"

ती सोय तिने कधीच वापरली नाही. वेळ मोजायचं घड्याळही बंद करायला लावलं. म्हणाली, जन्मभर दुसऱ्यांना घड्याळ लावलं, आता मला नको. पत्त्यांच्या पाठीवर चित्र निवडता यायचं, त्यातला तिने किल्ला निवडला, कारण त्यात वटवाघळं पंख हलवायची. डाव अडला की ती त्यांच्याकडे बघत बसायची.

मी एक डाव पुरा करून दाखवला. शेवटचा राजा चढला आणि पत्ते एकेक करून उड्या मारत खाली पडायला लागले, मागे आपलीच शेपटी सोडत, सगळा पडदा भरेपर्यंत. आत्या शेवटपर्यंत बघत राहिली.

"इतकं नाचायला काय झालं?"

"जिंकलो म्हणून."

"मागे घेऊन घेऊन."

आतोबांनी नेमकी हीच वेळ साधली. "खालचा सायकलवाला परत विचारत होता. टायर ठेवायला त्याला खोली पाहिजे. अगं, एक मुलगी येते शिकायला. तिच्यासाठी एवढी मशिनं किती दिवस पुसणार?"

आत्याने पडद्यावरून नजर काढली नाही. "एकही चाल मागे न घेता माझे पत्ते नाचले, की मशिनं द्या भंगारात आणि खोली सायकलवाल्याला. तोवर हा विषय काढायचा नाही."

आतोबांना हा सौदा फारच स्वस्त वाटला. ते पोस्टात पत्रं लावायचे. आलेलं प्रत्येक पत्र ज्या त्या खणात टाकण्यात हयात गेली. पत्ते खणात टाकायला असा किती वेळ लागणार? त्यांनी त्याच आठवड्यात भंगारवाल्याला सांगून ठेवलं.

महिने गेले. तीन-तीन पत्ते काढायचे आणि चाल मागे घ्यायची नाही, म्हणजे डाव सारखा तोंडाशी येऊन अडतो. आतोबा रोज तिच्या खुर्चीमागे उभे राहायला लागले.

"लाल सत्ती वर टाक. अगं, वर जागा आहे, टाक."

"ती वर गेली तर काळी छक्की बसेल कुठे? तुमच्या मांडीवर?"

"दिसतंय ते सांगतोय."

"अहो, जन्मभर तुम्ही पत्ते बघितले, पण ते घरांचे. जरा बसा बघू."

मी सुट्टीला आलो की पहिला प्रश्न हाच. लागला का? "येत होता," एवढंच सांगायची. मला एक गोष्ट कळायची नाही. डाव रंगात आला की ती खेळायची जिवावर उदार होऊन, एकेका पत्त्यासाठी पाच-पाच मिनिटं हात थांबवून. आणि डाव अडला की उठून त्याच हाताने मशिनं पुसायची, कव्हरांच्या कडा नीट ओढायची, एकाही मशिनकडे रागाने न बघता. मुद्दाम हरणं तिला जमलं नसतं. जिंकणं परवडत नव्हतं. तरी रोज दुपारी कॉम्प्युटर चालू करायची.

आणि त्या दिवशी डाव लागला होता. सगळे पालथे पत्ते उलटले होते, गठ्ठा संपला होता, हरायला जागाच उरली नव्हती. दोनदा टिचकी मारली की पत्ता आपोआप वर जातो, हे तिला येत होतं. तरी ती एकेक पत्ता धरून, ओढून, सावकाश वर नेऊन ठेवत होती. आतोबांनी पेपर तोंडासमोर धरला होता, पण पान उलटत नव्हते. आणि मी पिन उपटली.

"लागलाच होता तो," मी म्हणालो. निदान खरं तरी बोलावं म्हणून. "सगळं उघडं होतं. मी साक्षीला आहे."

"झालं तर मग," आतोबा उठले. "जिंकली."

"पत्ते नाचले का?" आत्याने विचारलं.

"नाचलेच असते."

"असते." ती आतोबांकडे नाही, समोर काळ्या पडद्याकडे बघत होती. "राहिलं ते राहिलं. पडद्यावर आहे ते माझं."

पडद्यावर काहीच नव्हतं. आतोबांनी वाद घातला नाही; तिच्या वर्गाचे नियम त्यांनाही पाठ होते. मग ती माझ्याकडे वळली.

"पण तू माझा डाव खाल्लास. तो परत करायचा. तोच. दुसरा चालणार नाही."

"तोच कसा आणू? दर वेळी पत्ते नव्याने पिसले जातात, आत्या."

"ते तुझं तू बघ. कॉम्प्युटरवाला तू."

एवढं बोलून ती मशिनांवर कव्हरं घालायला गेली. इतक्या मोठ्या नुकसानीनंतर माणूस एवढं हलकं चालत नाही. पण आरोपीने फार निरीक्षणं करू नयेत.

पुढे एका दुपारी मी ऑफिसात असताना तिचा फोन आला.

"नाचले."

"कधी?"

"आत्ता. अजून नाचतायत."

मला फोनमधून पंख्याचा आवाज येत होता. आतोबा दवाखान्यात गेले होते, शिकायला येणारी मुलगी त्या दिवशी आलीच नव्हती. खोलीत ती एकटी. माझ्या तोंडून निघून गेलं, "आत्या, कुणाला कळलंही नसतं."

"तुला टायपिंग कुणी शिकवलं रे?" असं विचारून तिने फोन ठेवला. आतोबा घरी आल्यावर तिनेच त्यांना भंगारवाल्याला फोन करायला सांगितला.

मी त्या रविवारी मुद्दाम गेलो. मशिनं जिन्यावरून उतरवताना प्रत्येक पायरीला वरचा भाग सरकायचा आणि घंटी वाजायची, ओळ संपल्यावर वाजते तीच. आत्या जिन्याच्या तोंडाशी उभी होती.

"कॅरेज धरून न्या हो. सरकतंय."

"बाई, तोडायलाच चाललंय," भंगारवाला म्हणाला. पण पुढची सगळी मशिनं त्याने कॅरेज धरूनच नेली. लहानपणी तोही बसला असेल इथे, की नुसता घाबरला, ते कळलं नाही. रांगा मोकळ्या होत गेल्या. भिंतीशी एकच मशिन उरलं तेव्हा आत्याने त्याच्या कव्हरावर हात ठेवला.

"हे नाही."

"अगं, ठरलं होतं," आतोबा म्हणाले.

"ठरलं होतं. पण माझा एक डाव ह्याच्याकडे आहे. तो मिळाला की हेही न्या."

आतोबांनी माझ्याकडे बघितलं. मग मशिनकडे. खणात न बसणारं पाकीट हातात आल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"कधी देतोस रे?"

"शोधतोय," मी म्हणालो.

खोलीत आता टायर आहेत, रबराचा वास जिन्यापर्यंत येतो. ते मशिन आत्याच्या घरी खिडकीशी आहे. ती त्यावर काय टाइप करते ते मी विचारत नाही. डब्यांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या मात्र अचानक फार सुवाच्य झाल्या आहेत. पत्तेही खेळते. माउस असा चालवते की मलाच लाज वाटावी.

नवीन खेळात प्रत्येक डावाला नंबर असतो, हे मी आतोबांना एकदा सांगून बसलो. नंबर टाकला की तोच डाव परत येतो. तेव्हापासून त्यांच्या आशेला पालवी फुटली आहे. तो जुना खेळ वेगळा होता, त्याच्या डावांना नंबरच नव्हते, हे सांगायचं राहून गेलं.

परवा गेलो तेव्हा त्यांनी दारातच विचारलं, "सापडला?"

"लाखोंनी डाव आहेत, आतोबा. बघतोय एकेक."

मी अजून एकही उघडलेला नाही.

"घाई करू नकोस रे," आत्या आतून म्हणाली. तिची ओळ संपली, घंटी वाजली, आणि ती पुढच्या ओळीला लागली.