समोरच्या शोरूमचा शिंपी

शिंपी उजेड बघून मशीन मांडतो. मानाजीरावांनी माणूस बघून मांडलं. चेन्नईच्या टोकाला, तांबरमच्या पश्चिमेला, मुडिचूर रस्त्यावर त्यांचा गाळा आहे. इतका अरुंद, की गिऱ्हाईक आत आलं तर इस्त्रीचं टेबल बाहेर काढावं लागतं. सकाळचं ऊन सरळ त्यांच्या डोळ्यांत येतं. शेजारचा चहावाला कितीदा म्हणाला, "अण्णा, मशीन वळवा, डोळे जातील." मानाजीराव वळवत नाहीत. रस्त्यापलीकडे मोटारसायकलींचं काचेचं शोरूम आहे आणि काचेआड टेबलाशी त्याचा मालक अमरसिंह बसतो. अमरसिंहाने मान वर केली की त्याला मानाजीराव दिसले पाहिजेत. तीन वर्षं झाली, रोज दिसतात.

मी माणदेशातला. ओरगडमच्या कारखान्यात कामाला आलो आणि गणवेशाची पँट आखूड करायला या गाळ्यात शिरलो. पाठ करून आलेलं तमिळ मी तोडकंमोडकं बोलू लागलो, तसा म्हातारा म्हणाला, "मराठी बोला की. मी तंजावरचा." त्यांची मराठी जुनी आहे. पिढ्यान्पिढ्या कावेरीचं पाणी प्यालेली, बोलताना तमिळसारखी हेलकावे खाणारी. या एवढ्या मोठ्या चेन्नईत ती घराबाहेर ऐकू येत नाही. म्हणून कुठे ऐकू आली, की माणूस विरघळतो. मानाजीराव असेच एकदा विरघळले होते.

त्यांची मुलगी दिव्यश्री. तिला ओरगडमला गिअर जुळवण्याच्या विभागात नोकरी लागली. कंपनीची बस पहाटेची, चुकली की दिवस गेला. मुलीने स्वतःची गाडी घ्यायचं ठरवलं. तेव्हा मानाजीरावांचं दुकान सैदापेटला होतं. तिथे जवळपास चार शोरूम असताना ते मुलीला घेऊन पार तांबरमला गेले, कारण तिथला मालक आपला. तोही तंजावरकडचा. त्याने खुर्ची दिली, कॉफी मागवली आणि मराठीत म्हणाला, "मानाजीराव, तुमची मुलगी ती माझी मुलगी."

मग त्याने ती काळी गाडी दाखवली. जड, रुंद, पोटात म्हशीएवढा दम असलेली. दिव्यश्री बसली तर पायाची बोटंसुद्धा धड टेकेनात. अमरसिंह म्हणाला, "दोन आठवड्यांत सवय होईल. आसन थोडं खाली करून देतो. हलकी गाडी लॉरीच्या वाऱ्यानेच उडते, ही धरून राहते." हेच कोणी तमिळमध्ये सांगितलं असतं, तर मानाजीरावांनी चार ठिकाणी विचारलं असतं. हे मराठीत सांगितलेलं होतं. त्यांनी मान डोलावली.

जन्मभर त्या मुलीचे कपडे त्यांनी शिवले. तिच्या पायाचं माप त्यांना पाठ होतं. मांडीच्या मुळापासून टाचेपर्यंत सत्तावीस इंच. तरीही त्यांनी मान डोलावली. हे ते कुणाला सांगत नाहीत, मला एकदाच सांगितलं.

अकराव्या दिवशी ओरगडमच्या वाटेवर, पडप्पैच्या वळणावर समोरचा टेम्पो थांबला, म्हणून दिव्यश्री थांबली. रस्त्यावर खडी पसरलेली. तिने डावा पाय टाकला, तो जमिनीपर्यंत पोचलाच नाही. गाडी सावकाश, अगदी सावकाश तिच्यावर आडवी झाली. वेग नव्हता, टक्कर नव्हती. नुसतं वजन होतं. दोन लॉरीवाल्यांनी गाडी उचलेपर्यंत ती तिच्याखाली होती. गुडघ्याखाली सळई घालावी लागली. उभं राहून करायची नोकरी गेली. आता ती तांबरमला एका कुरिअर कचेरीत खुर्चीवर बसून काम करते आणि जिना चढताना कठडा धरते.

मानाजीराव अमरसिंहाकडे गेले, पण भरपाई मागायला नाही. एवढंच म्हणाले, "गाडी तिच्या मापाची नव्हती, असं एकदा म्हणा."

अमरसिंह मराठीत गोड म्हणाला, "देवाची इच्छा, मानाजीराव." मग विक्रीच्या पोरांकडे वळून तमिळमध्ये म्हणाला, "म्हाताऱ्याच्या मुलीला चालवता येत नव्हती, गाडी काय करणार?" पोरं हसली. मानाजीरावांना दोन्ही भाषा येत होत्या.

महिनाभरात त्यांनी सैदापेटचं चाळीस वर्षांचं दुकान बंद केलं आणि शोरूमच्या बरोबर समोरचा हा गाळा घेतला.

आता त्यांचं काम ऐका. ओरगडमची पोरं गणवेश दुरुस्तीला येतात. एकदा मी बसलो असताना अनय नावाचा नाशिककडचा मुलगा आला.

"काका, तासात होईल का? मला समोर जायचंय, गाडी बुक करायला."

मानाजीरावांच्या पायाखालचं मशीन थांबलं. "कुठली?"

"ती काळी. एकदम राजा वाटतो माणूस तिच्यावर."

"आधी काय चालवलंस?"

"ताईची स्कूटी."

"सेरी, बरं. उभा राहा सरळ. चपला काढ." त्यांनी आतून पाय मापला. "अठ्ठावीस. बस खाली, राजा."

अनय हसला. "काका, गाडीला पँटचं माप कशाला?"

"पोट सुटलं की पँट वर चढते, हे ठाऊक आहे ना? गाडीचंही तसंच. आसन रुंद असलं की मांड्या फाकतात आणि पाय आखूड होतो. तो कंपनीवाला आसनाची उंची छापतो. रुंदी छापतो का? मी सैदापेटच्या शोरूममध्ये जाऊन टेप टाकून आलोय. या बाजूच्या जमिनीपासून आसनावरून त्या बाजूच्या जमिनीपर्यंत. तुझे दोन्ही पाय मिळून तेवढे होत नाहीत."

"पण सवय होते म्हणतात."

हा शब्द ऐकला की मानाजीरावांचा चेहरा बदलतो. ते उठले. गाळ्याबाहेर त्यांची जुनी शंभर सीसीची गाडी असते. तिच्या शेजारी गोणपाट अंथरून त्यांनी ती आडवी केली. "उचल."

अनयने हँडल धरून ओढलं. गाडी हलली, उठली नाही. चहावाला ओरडला, "तंबी, पोरा, गाडीला पाठ लाव, पाठ!" चौथ्या खेपेला घामाघूम होऊन त्याने उचलली.

"ही त्या काळीच्या जवळजवळ निम्म्या वजनाची आहे," मानाजीराव म्हणाले. "पहिली गाडी पडतेच. पडणार नाही म्हणेल तो विकायला बसलेला असतो. तू उचलू शकशील ती तुझी. हाताने मागे दहा पावलं ढकलू शकशील ती तुझी. दोन वर्षं ती चालव, मग हत्ती घे, मी नाही म्हणणार नाही."

अनय खट्टू होऊन गेला, पण समोर गेला नाही. मानाजीरावांनी काचेकडे पाहिलं. अमरसिंह तिकडून बघत होता. त्या क्षणी म्हाताऱ्याच्या तोंडावर जे आलं त्याला मी हसू म्हणणार नाही. तापलेल्या इस्त्रीवर थेंब पडावा तसं ते चरचरलं आणि गेलं.

अशी किती पोरं वळली असतील! पोरांचं भलं होत होतं, हे खरं. पण मानाजीराव भल्यासाठी करत नव्हते. ते स्वतःच म्हणत, "मला पुण्य नको. त्याची काच रिकामी दिसायला हवी." अमरसिंहाने एकदा माणूस पाठवला होता, की शोरूमच्या सगळ्या पोरांचे गणवेश तुम्हीच शिवा. मानाजीरावांनी निरोप दिला, "फक्त कफनं शिवेन." दिव्यश्रीला हे आवडत नसे. ती म्हणायची, "अप्पा, पाय माझा मोडला आणि लंगडता तुम्ही." त्यांना एकच गोष्ट हवी होती, ते एक वाक्य, आणि तेही तमिळमध्ये. मराठीत त्याने कबूल केलं असतं, तरी ते दोघांनाच कळलं असतं.

मागचा आडी महिना, ज्यात इकडे कुणी नवी खरेदी करत नाही, तो संपून गाड्यांच्या खरेदीचे दिवस सुरू झाले तेव्हा, एक मुलगी गाळ्यात आली. केस आखूड, पाठीवर पिशवी.

"मी रेवा. अमरसिंहांची मुलगी."

मशीन थांबलं.

"मला ओरगडमला नोकरी लागली. मला ती काळी गाडी हवीय आणि अप्पा स्कूटरवर अडून बसलेत. रोज शंभर लोकांना तीच गाडी विकतात, मला मात्र नाही! सगळे म्हणतात, गाडीच्या बाबतीत तुमचा शब्द शेवटचा. तुम्ही 'हो' म्हणालात तर अप्पांची बोलती बंद होईल."

मानाजीरावांनी टेप काढला.  मी त्या वेळी बाकावरच होतो. त्यांचा हात मला अगदी स्थिर दिसला. त्यांनी माप घेतलं, टेपवर अंगठा ठेवून आकडा दोनदा पाहिला. मग म्हणाले, "चल, घेऊ तुला ती गाडी."

तीन वर्षांत पहिल्यांदा ते रस्ता ओलांडून गेले. मी मागोमाग गेलो, चहावालाही किटली ठेवून आला.

शनिवार होता. शोरूममध्ये गर्दी. दारात एका कुटुंबाची नवी काळी गाडी हार घालून उभी, पुढच्या चाकाखाली लिंबू, आई कुंकू लावत होती आणि मुलगा वर बसून फोटो काढून घेत होता. मानाजीराव सरळ टेबलापाशी गेले आणि तमिळमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सार, या मुलीला ती काळी गाडी द्या."

अमरसिंह उठला. हळूच मराठीत म्हणाला, "मानाजीराव, आत या, बसून बोलू."

"इथेच बोला. का देत नाही? चांगली गाडी आहे ना?" मानाजीराव तमिळ सोडेनात.

"अप्पा, सांगा ना," रेवा म्हणाली. "का नाही?"

"घरी बोलू."

"दोन आठवड्यांत सवय होईल तिला," मानाजीराव म्हणाले. "आसन थोडं खाली करून द्या. हलकी गाडी लॉरीच्या वाऱ्याने उडते. ही धरून राहते."

अमरसिंहाच्या मानेवरची शीर फुगली. विक्रीची पोरं बघत होती, गिऱ्हाइकं बघत होती. रेवा टेबलाशेजारच्या काळ्या गाडीवर टांग टाकायला निघाली तसा तो ओरडला. बाप ओरडतो तसा, आणि घाबरलेला बाप भाषा निवडत बसत नाही. समोरच्या गर्दीची तमिळच त्याच्या तोंडून निघाली. "अवळुक्कु काल एट्टादु! तिचा पाय पोचत नाही! त्या गाडीचं आसन खाली होत नाही. अंगावर पडली तर कोण उचलणार तिला?"

विक्रीच्या पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. 

मानाजीरावांनी गळ्यातला टेप काढून टेबलावर ठेवला. "हिचा पाय सत्तावीस इंच," ते तमिळमध्येच म्हणाले. "माझ्या दिव्यश्रीचाही सत्तावीस. तुझी मुलगी ती माझी मुलगी, असं म्हणाला होतास. मग तिला का दिलीस?"

अमरसिंह खुर्चीत बसला.  दारातल्या नव्या गाडीवर बसलेल्या मुलाने मान खाली घालून स्वतःच्या पायांकडे पाहिलं. त्याच्या आईने कुंकवाचं ताट खाली ठेवलं.

मानाजीराव परत आले ते जणू तीस वर्षांनी तरुण होऊन. त्या संध्याकाळी त्यांनी घरी शब्द न् शब्द सांगितला. दिव्यश्री इडलीचं पीठ ढवळत ऐकत होती. शेवटी तिने एकच विचारलं, "मग रेवासाठी कुठली गाडी निवडली?"

मानाजीरावांनी पाण्याचा तांब्या उचलला.

"नाही ना निवडली? मोठ्या माणसांचं बोलणं चाललं होतं आणि मुलीच्या पायाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. त्या दिवशीही असंच होतं, अप्पा." एवढं बोलून तिने पातेल्यावर झाकण ठेवलं.

तो घाव त्यांना लागला. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः फोन करून रेवाला बोलावलं. गोणपाटावरची गाडी उचलायला लावली. तिने दुसऱ्याच खेपेला उचलली. पाठ लावून, बरोबर. मग ते तिला घेऊन तीन ठिकाणी फिरले, प्रत्येक आसनावर टेप टाकला, प्रत्येक गाडी तिला मागे ढकलायला लावली. शेवटी एकशेदहा सीसीची, अरुंद आसनाची, निळी गाडी ठरली. दोन्ही चवडे टेकत होते. माझ्या मते निवड चोख होती. फक्त एक गोष्ट लपवत नाही. तशाच मापाची एक छोटी गाडी अमरसिंहाच्या शोरूममध्येही कोपऱ्यात उभी होती, चांगली होती. मानाजीरावांनी मुलीला ती दाखवलीच नाही. निळी गाडी घेतली ती दुसऱ्या कंपनीची, दुसऱ्या दुकानातून.

रेवा रोज कामावरून आली की वडिलांबरोबर घरी जायला शोरूमवर थांबते. अमरसिंहाने तिला सांगून पाहिलं, गाडी मागच्या गल्लीत लाव. ती म्हणते, मागे उतार आहे, मानाजी तात्यांनी सांगितलंय की नवशिक्याने उतारावर लावू नये. तेव्हा रोज संध्याकाळी, गिऱ्हाइकांच्या ऐन वेळी, त्या कंपनीची निळी गाडी या कंपनीच्या काचेसमोर उभी असते, बरोबर पाटीखाली.

परवा मी म्हणालो, "तात्या, वाक्य मिळालं. मुलीचं भलं झालं. पुरे करा की."

मानाजीरावांनी दोरा दाताने तोडला. समोर एक जोडपं काचेपाशी रेंगाळत होतं. तेवढ्यात गाळ्यात एक नवा मुलगा पँट घेऊन आला आणि सवयीप्रमाणे काळ्या गाडीबद्दल बोलू लागला. म्हाताऱ्याने त्याचं मापही घेतलं नाही.

"जा," ते म्हणाले, "समोर जा, आणि आधी एवढंच विचारून ये, ती दारातली निळी गाडी कुणाची आहे."