आवाज न करणारं इंजिन

फोन आला तेव्हा पेणला आमच्या कारखान्यात रंगकामाची घाई चालली होती. आमचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना. या दिवसांत आम्हाला मरायलाही सवड नसते, असं माझे यजमान गमतीनं म्हणतात, आणि नेमका त्या दुपारी रोह्याहून वहिनीचा फोन आला. “वन्सं, हे गेले,” एवढंच ती म्हणाली. जेवून आरामखुर्चीत पडले होते, चहाला हाक मारली तर उठले नाहीत... हातातला ब्रश मी पाण्याच्या डब्यात ठेवला आणि तशीच एसटी स्टँडवर गेले.

त्याला आता काही आठवडे झाले. मधल्या काळात दादावर चार ओळी छापून आल्या. ‘हरहुन्नरी ग्रामीण संशोधक हरपला’ असं वर होतं आणि खाली शोक करणाऱ्यांची नावं होती. ती नावं मी पुन्हा पुन्हा वाचली. यातल्या बहुतेकांनी माझ्या भावाला आयुष्यभर ‘बॅटरीवाला’ म्हणून हिणवलं होतं. गेलेल्या माणसाबद्दल गोड बोलावं म्हणतात. दादाबद्दल मी गोडच बोलेन, बाकीच्यांचं वचन मी दिलेलं नाही.

दादा धाटावच्या एका कंपनीत फिटर होता, राहायला रोह्याला लागून असलेल्या अष्टमीत. बॉयलर, वाफ, पाइप, गळती यांत दिवस काढायचा आणि घरी येऊन पुन्हा त्याच उद्योगाला लागायचा. रद्दीत त्याला एकदा एक इंग्रजी मासिक सापडलं. त्यात एका इंजिनाचं चित्र होतं. मी तेव्हा पेणच्या शाळेत शिकवत होते, म्हणून ते घेऊन तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “वाच, आणि मराठीत सांग.” स्टर्लिंग इंजिन हे नाव आमच्या घरात असं आलं. प्रकार तसा साधा. बंद नळकांड्यात हवा कोंडायची, एक टोक तापवायचं, दुसरं गार ठेवायचं. हवा तापली की फुगते, गार झाली की आकसते, त्या फुगण्या-आकसण्यावर आतला दट्ट्या पुढेमागे होतो आणि चाक फिरतं. पेट्रोल नको, स्फोट नको, धूर फक्त चुलीचा. मी हे वाचून दाखवत होते आणि दादा असा ऐकत होता, की मला वाटलं आता हा जेवणार नाही. जेवला, पण पानात काय होतं ते त्याला सांगता आलं नसतं.

त्यानंतर त्याच्या साप्ताहिक सुट्ट्या पेणला जायला लागल्या. इथे इस्माईलभाईंचं लेथचं दुकान आहे. दादा पिशवीतून लोखंडाचे तुकडे घेऊन एसटीनं यायचा आणि आधी दुकानात जायचा, मग बहिणीकडे. “काय रे, दुकानात सोयरीक जमवलीस का?” असं मी विचारायची. तो हसायचा. वहिनीच्या स्वयंपाकघरातले स्टीलचे डबे एकेक करून नाहीसे झाले. इंजिनाच्या आत हलकी, हवाबंद पोकळ नळी लागते आणि पोह्यांचा उभा डबा त्याला अगदी योग्य, असं त्याचं मत होतं. वहिनी पोहे वर्तमानपत्रात बांधून ठेवायला शिकली.

पहिलं इंजिन स्पिरिटच्या दिव्यावर चाललं. ही इंजिनं आपणहून सुरू होत नाहीत, चाकाला बोटानं हलका धक्का द्यावा लागतो. दादानं धक्का दिला आणि चाक फिरत राहिलं... आवाज काहीच नाही. इस्माईलभाई म्हणाले, “अरे, हे चालतंय की नुसतं फिरतंय?” दादाला ते इतकं आवडलं, की पुढे कित्येक दिवस तो ज्याला त्याला हे सांगत होता. पुढे मोबाइल आल्यावर त्याला कळलं, की असले वेडे जगभर आहेत, कुणी कंदिलावर इंजिन चालवतो, कुणी उन्हावर. दादाला मात्र खेळणं नको होतं. आमच्याकडे भाताच्या गिरण्यांच्या मागे तुसाचे ढीग पडलेले असतात आणि तेव्हा लोडशेडिंगनं गावोगाव अंधार असायचा. तुसाच्या चुलीवर इंजिन, इंजिनावर जुन्या प्रिंटरमधली छोटी मोटर, मोटरीतून वीज, विजेवर दिवा. एका घराला पुरेल इतका दिवा आपल्या इंजिनावर लागावा आणि तो गावानं डोळ्यांनी बघावा, एवढं त्याला हवं होतं. माणसानं आयुष्याकडे याहून कमी काय मागावं?

आमचं माहेरचं गाव नागोठण्याच्या वाटेवर आहे. तिथल्या शाळेच्या वार्षिक समारंभात त्यानं इंजिन दाखवायचं ठरलं. गावचे पुढारी प्रमुख पाहुणे होते. त्यांचं नाव मी लिहीत नाही, त्यांना ते छापून आलेलं फार आवडतं. इंजिनाची वीज कमीजास्त होते, म्हणून दादानं मधे एक बॅटरी जोडली होती. झरा बारीक असला की आपण आधी हंडा भरून ठेवतो, तसं. लपवाछपवी काही नव्हती. इंजिन पेटवल्यावर त्यानं माइकवर सांगितलंही, “टेबलाखाली बॅटरी हाय, ती ह्याच इंजिनावर भरलेली हाय.” पण लोक तेव्हा खुर्च्या ओढत होते. नंतर शाळेच्या कुणीतरी, पाहुण्यांसमोर बरं दिसावं म्हणून, टेबलाला पुढून जमिनीपर्यंत येणारी चादर लावली.

मग सत्कार सुरू झाले. शाल, श्रीफळ, पुन्हा शाल, पुन्हा श्रीफळ. संपेनाच. इंजिन बंद करावं तर पाहुण्यांसमोर पुन्हा धरेल की नाही याची दादाला धास्ती, म्हणून त्यानं ते चालू ठेवलं. गार टोकाला जोडलेल्या बादलीतलं पाणी हळूहळू तापत गेलं. ते बदलायला हवं होतं, आणि हापसा मांडवाच्या पलीकडे होता. दादा दोनदा उठला. सत्कार चालू असताना मोठ्या माणसांच्या समोरून बादली घेऊन कसं जायचं, म्हणून दोनदा खाली बसला. दुसऱ्या वेळी निवेदकानं माइकवरून त्याला दटावलंही. गार टोक गार राहिलं नाही की या इंजिनात जीव राहत नाही. पुढारी टेबलापाशी आले आणि त्याच वेळी चाक मंदावलं, थांबलं. दिवा मात्र लख्ख जळत राहिला.

मग एकानं चादर वर केली. पुढारी वाकून बघत म्हणाले, “अरे, हा तर बॅटरीवाला.” सगळा मांडव हसला. दादा पाण्याचं सांगत होता, झऱ्याचं आणि हंड्याचं सांगत होता, पण माइक आता दुसऱ्याच्या हातात होता. मी पहिल्या रांगेत बसले होते आणि माझ्या भावाचा चेहरा मी पाहिला आहे. त्या हसणाऱ्यांना मला अजून माफ करता आलेलं नाही, आणि तसा माझा प्रयत्नही नाही.

नाव चिकटलं ते चिकटलंच. बाजारात, बसमध्ये, कंपनीच्या गेटवर. दादा मुळात गप्पिष्ट, तो तिरसट झाला. त्यानं घरात बॅटरी म्हणून आणू दिली नाही. इन्व्हर्टर नाही, टॉर्च नाही, भिंतीवरचं सेलचं घड्याळसुद्धा काढलं, पुढे मोबाइल तेवढा सुटला. लोडशेडिंगमध्ये शेजारी इन्व्हर्टरवर टीव्ही बघायचे आणि वहिनी चिमणीच्या उजेडात भाकऱ्या थापायची. मी यावरून त्याच्याशी भांडले. “तुझ्या अब्रूची शिक्षा हिला का?” असं विचारलं. तो उठून गेला. माझा दादा संत नव्हता, हेही इथे लिहायला हवं.

त्या इंजिनावर विश्वास ठेवला तो एका बाईनं. नदीकाठच्या कातकरवाडीतली चांगुणा वहिनीकडे चिंबोऱ्या-खेकडे विकायला यायची. वाडीत विजेचा खांब पोचला नव्हता. ती एकदा म्हणाली, “भाऊ, आमच्या घरात लाव ना तुझी बत्ती.” दादानं इंजिन डोक्यावर घेऊन वाडी गाठली. बॅटरी नव्हती, त्यामुळे दिवा चाकाबरोबर कमीजास्त व्हायचा, पण जळायचा. खांब येईपर्यंत पावसाळ्याच्या संध्याकाळी चांगुणाच्या घरात तो जळत होता. तिनं ते बाजारात सगळ्यांना सांगितलं. “कातकरणीचं काय ऐकायचं?” असं एक बाई म्हणाल्या, माझ्यासमोर म्हणाल्या, आणि त्या चांगल्या शिकलेल्या होत्या. दादाची साक्षीदार होती, पण आपल्याकडे साक्ष कोण देतंय ते आधी बघतात.

निवृत्त झाल्यावर त्यानं मोठं इंजिन केलं. बॅटरीशिवाय ट्यूब लावणारं. इस्माईलभाई थकले होते, तरी त्याचा दट्ट्या त्यांनी स्वतः घासून दिला. ट्यूब लागली, मी पाहिली. मग दादाचं एकच सुरू झालं, की पुढाऱ्यांना एकदा बोलवा, त्याच शाळेत, त्याच लोकांसमोर. तो निरोप पाठवायचा आणि तिकडून “बघू” असं यायचं. दर दिवाळीला तो मला विचारायचा, “यंदा येतील का गं?” मी येतील म्हणायची. ते आले ते तेराव्याला.

त्यांनीच सुचवलं, की इंजिन शाळेत ठेवू, काचेच्या कपाटात, दादाच्या नावानं. वहिनी हो म्हणाली. तिला वाटलं असेल, उशिरा का होईना, गाव बघतंय. गेल्या पंधरवड्यात समारंभ झाला. आम्ही गेलो तर इंजिन ओळखू येईना. त्याला वरपासून खालपर्यंत रुपेरी रंग दिला होता, दट्ट्याच्या बाहेर आलेल्या टोकासकट. मी मूर्तींच्या कारखान्यातली बाई, रंग कुठे आणि किती जाड बसतो ते मला बघून कळतं. ते इंजिन आता फिरणं शक्य नव्हतं. तरी पुढाऱ्यांनी भाषण करून बटण दाबलं आणि मोठं चाक गरगर फिरलं, ट्यूब लागली. टाळ्या पडल्या. दट्ट्या जागचा हलला नव्हता. चाक त्याच्यापासून सोडवलेलं होतं, खाली पंख्याची मोटर बसवली होती आणि कपाटामागून एक वायर भिंतीतल्या प्लगकडे गेली होती.

वहिनी उठली. सगळ्यांच्या समोरून, सत्कारासाठी मांडलेल्या शालींच्या टेबलापुढून चालत गेली आणि तिनं पिन उपटली. ट्यूब विझली. ती पुढाऱ्यांकडे वळली आणि सावकाश म्हणाली, “माझ्या माणसानं बॅटरी लावली ती सांगून लावली होती. तुम्ही ही वायर न सांगता लावलीत.”

कुणी हसलं नाही. आम्ही इंजिन टेम्पोत घालून अष्टमीला आणलं.

परवा मी तिच्याकडे गेले होते. मागच्या पडवीत, दादाच्या पाटावर, ती इंजिन मांडीशी घेऊन बसली होती आणि त्याच्या दाढीच्या ब्लेडनं दट्ट्यावरचा रुपेरी रंग खरवडत होती. रोज दुपारी थोडा थोडा खरवडते म्हणाली. बोटांना कापल्याच्या खुणा होत्या. मी शेजारी बसले. मदत करू का विचारलं, तिनं नको अशी मान हलवली.

“वहिनी, चाललं तर कुणाला बोलवायचं?” मी विचारलं.

तिनं ब्लेड पुसलं, उजेडात धरून पाहिलं.

“कुणाला नाय,” ती म्हणाली. “दार लावून घ्यायचं.”