बंद गाडीचा आवाज

यंत्राचं सगळं ऐकणारा आणि माणसाचं काहीही न ऐकणारा असा एकच गृहस्थ माझ्या पाहण्यात आला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. नव्वदच्या दशकात बहारीनला झिंज भागात आम्ही एकाच इमारतीत राहायचो. खरं सांगायचं तर आमच्या बायका, सख्ख्या बहिणी, एका इमारतीत राहायच्या आणि आम्ही त्यांच्यामागोमाग. साडूभाऊ नागपूरचे, एका कारखान्यात कॉम्प्रेसरवर टेक्निशियन. आठवडाभर निमूटपणे कंपनीच्या बसनं कामाला जायचे. शुक्रवार उजाडला की मात्र इमारतीखालची ताडपत्री निघायची आणि खालून त्यांची गाडी प्रकट व्हायची. जुनी, दोन दारांची, आठ सिलिंडरची अमेरिकन गाडी. जुफैरच्या अमेरिकन नौदल तळावरचा कुणी गोरा मायदेशी जाताना त्यांच्या गळ्यात घालून गेला होता. तिचं बॉनेट एवढं लांब होतं की वळणावर गाडी आधी पोचायची आणि साडूभाऊ नंतर. मागच्या सीटवर माणूस बसत नसे, त्याला दुमडून ठेवावं लागे. असल्या गाडीनं कोणी भाजी आणायला जात नाही. साडूभाऊ जात.

पण त्यांचा खरा जीव गाडी चालवण्यात नव्हता. गाडीची ताकद वाढवायला पुढचा पार्ट कोणता घालायचा, हे ठरवण्यात होता. वर्षाला एकच पार्ट, असा ताईंनी, म्हणजे माझ्या मेव्हणीनं, त्यांच्याशी तह केला होता. त्यामुळे मुलीला स्थळ पाहावं तसे ते पार्ट पाहत. अमेरिकेहून कॅटलॉग येत. घरी जेवायला आलेल्या माणसाच्या पानात रस्सा पडायच्या आत त्याला विचारलं जाई, "तुमचं काय मत, मोठा कार्ब्युरेटर की नवे एक्झॉस्ट?" कोपऱ्यावरच्या केरळी दुकानदारापासून माझ्यापर्यंत सगळ्यांनी मत द्यायचं, आणि साडूभाऊंनी ते अजिबात ऐकायचं नाही. मग स्टेथोस्कोप गळ्यात अडकवून खाली जायचं, इंजिनाला लावून डोळे मिटायचे. "शेवटी तिलाच विचारा लागते न," असं म्हणायचे. काय योगायोग असेल तो असो, दरवर्षी गाडीनं असंच काहीतरी मागितलं की जे घातल्यावर तिचा आवाज आणखी वाढेल.

एका वर्षी बाबासाहेबांच्या जयंतीला भाड्यानं घेतलेल्या हॉलमध्ये भाषण रंगात आलं होतं. बाहेर साडूभाऊंची गाडी आली. खिडक्यांच्या काचा थरथरल्या, वक्ते थांबले, पाण्याचा घोट प्याले, पुन्हा थांबले. शेवटी इंजिन बंद झालं. साडूभाऊ आत आले, माझ्या शेजारी बसले आणि साऱ्या सभेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अजून सुरूच नाही झालं का भाषण?" सगळे हसले. मीही हसलो. त्यांची मुलगी, आमची भाची, मराठी समजायची पण उत्तर इंग्रजीतच द्यायची, आणि तेही ओरडून. तिच्या शाळेत मुलांना ओरडायलाच शिकवत असावेत, असं मी बायकोला म्हणालो होतो.

हसण्यासारखं होतं ते इथवर. त्या हिवाळ्यात एका शुक्रवारी सकाळी साडूभाऊ आमच्या दारात येऊन उभे राहिले. पायात चपला नव्हत्या.

"साडूभाऊ, खाली या जरा. गाडी चालू आहे."

कुणी चोरतंय की काय, म्हणून मी धावलो. खाली ताडपत्री जशीच्या तशी, तिच्यावर दवाचे थेंब. किल्ली साडूभाऊंच्या मुठीत. मी ताडपत्री उचलून बॉनेटवर हात ठेवला. थंडगार.

"बंद आहे हो."

"बंद आहे, मंग हे काय वाजून राह्यलं?" मान तिरपी करून ते ऐकत राहिले. "बारीक आहे. शिटीवानी. थांबतच नाही."

गल्लीत कोणी नव्हतं. समोरच्या दुकानाचं शटर खाली होतं. मी कान दिला. काहीच नव्हतं. पण शेजारी उभा असलेला माणूस इतक्या खात्रीनं काहीतरी ऐकू लागला की आपल्याला जे ऐकू येत नाही त्याचीच भीती वाटायला लागते. मी ताडपत्री सोडली आणि तो हात उगाचच पँटला पुसला.

नंतर ताईंनी सांगितलं की हे रोजचंच झालं होतं. जेवता जेवता ते उठायचे, गॅलरीत जाऊन खाली वाकायचे. "कुणाचं तरी काही राहिलंय त्या गाडीत," ताई कुजबुजल्या. आमच्या घरात अशा गोष्टी कोणी मानत नव्हतं, तरी त्या दिवसापासून माझी बायको गाडीच्या पुढून जायचं सोडून भिंतीकडून जायला लागली.

पुढच्याच शुक्रवारी साडूभाऊ मला सखीरच्या वाळवंटाकडे घेऊन गेले. विद्यापीठाच्या इमारती मागे पडल्या आणि धुक्यानं रस्ता गिळला. दोन्ही बाजूंना तेलाच्या पाइपलाइनी, आणि जमिनीतून तेल उपसणारे लोखंडी पंप. त्यांची धडं दिसत नव्हती. फक्त माना धुक्यातून वर यायच्या आणि पुन्हा खाली बुडायच्या. इंजिनाच्या आवाजानं माझ्या बरगड्या हादरत होत्या, दात एकमेकांवर वाजत होते. साडूभाऊंनी गाडी कडेला घेतली, इंजिन चालूच ठेवलं, आणि माझ्याकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"पाह्यलं न? गप्प झाली ती. चालवतो तेव्हा बोलतच नाही, आन् घरी उभी केली का रात्रंदिवस बोलते. माझं काय चुकलं, साडूभाऊ?"

गाडी गर्जत होती आणि तो माणूस तिच्या मौनाबद्दल रडत होता. "यल्ला, चला घरी," मी म्हणालो. त्यांना तेही ऐकू गेलं नाही. ते माझ्या ओठांकडे बघत होते.

त्या वर्षी त्यांनी कॅमशाफ्ट निवडला. इंजिनाच्या झडपा उघडणारा हा दांडा बदलला की गाडी वेगात वाऱ्यासारखी पळते, पण हळू चालवताना अडखळते. गॅरेजवाला बहारीनी म्हातारा, ज्याला सगळे उस्ताद म्हणत, त्यानं हात जोडले. "सदीक, ये मत डालो. सिग्नल पे खलास हो जाएगा." मी विरोध केला, ताईंनी विरोध केला. साडूभाऊंचा एकच हेका. एवढा बदल केला तर ती बोलेल. कॅम बसला. बोलणं दूरच, उस्ताद म्हणाला तसंच झालं. गाडी प्रत्येक सिग्नलवर दम तोडायची, आणि साडूभाऊंचं तोंड आणखी उतरायचं.

मग तो धुळीचा दिवस आला. दुपार असूनही उजेड हळदीसारखा झाला होता, समोरच्या इमारती पुसल्या गेल्या होत्या. साडूभाऊ गाडी मागे घेऊन भिंतीच्या आडोशाला लावत होते. मी आणि माझी बायको दाराशी उभे होतो. भाचीचा स्कार्फ वाऱ्यानं उडून मागच्या चाकाशी गेला आणि ती तो काढायला वाकली. गाडी मागे येत होती.

आम्ही दोघं ओरडलो. वरून ताई ओरडल्या. पोरगी स्वतः किंचाळली. स्कार्फमध्ये पाय अडकून ती खाली पडली होती. साडूभाऊंची मान तिरपी होती, गप्प झालेल्या त्या शिटीच्या शोधात. मी धावलो, पण पोचणार नाही हे मला धावतानाच कळलं होतं. गाडीनं एक आचका दिला, कण्हली आणि मेली. ब्रेक कोणी लावला नव्हता. पोरीच्या फ्रॉकची कड बंपरला टेकली होती.

"पुन्हा बंद पडली," असं पुटपुटत साडूभाऊ खाली उतरले. आमचे चेहरे बघून मागे गेले. मुलीला उचललं, तिचं डोकं, हात, पाय चाचपून पाहिले.

"तू आवाज दिला होता?"

"आय शाउटेड, पप्पा! एव्हरीबडी शाउटेड!"

ते तिच्यासकट तिथेच मातीत बसले. "मला ऐकू नाही आलं," ते माझ्याकडे बघून म्हणाले. मग गाडीकडे बघितलं. "तिला आलं."

त्याच आठवड्यात मी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. कॉम्प्रेसरच्या आवाजानं दोन्ही कान बरेचसे गेले होते. ती शिटी बाहेर कुठे नव्हतीच, ती कानातच वाजत होती; इंजिनाच्या आवाजात दबायची, शांततेत वर यायची. ताईंना हे कळलं तेव्हा त्या रडल्या आणि हसल्याही. माझ्या बायकोला म्हणाल्या, "भूत नव्हतं गं, कान होते!" उस्ताद म्हणाला, "मफी जिन्न, भूत-वूत कुछ नहीं. कॅम ऐसाइच होता है, रिवर्स में बंद पडेगा." मला दोन्ही पटलं. तरी पुढे मीही भिंतीकडूनच जायला लागलो.

कानाला मशीन लावून साडूभाऊंनी पहिल्यांदा गाडी सुरू केली आणि घाबरून लगेच बंद केली. "एवढा आवाज? लोकांनी मला मारलं काऊन नाही?" त्यांच्या आयुष्यातला सर्वांत झटपट निर्णय त्या क्षणी झाला. कॅटलॉग नाही, मतं नाहीत. दुसऱ्याच शुक्रवारी गाडीला भला मोठा सायलेन्सर बसला. घरात मुलीला मात्र हळू बोलायला शिकायला बरेच महिने लागले. वडिलांशी बोलताना ओरडायचं असतं, असंच तिला वाटत आलं होतं.

कॉम्प्रेसरवर आता जाता येणार नव्हतं. करार संपला तेव्हा त्यांनी तो वाढवून घेतला नाही, नागपूरला जायचं ठरलं. गाडी जुफैरच्या एका तरुण बहारीनी पोरानं घेतली. तो न्यायला आला तेव्हा साडूभाऊंनी मशीन काढून खिशात ठेवलं. मशीन नसलं की त्यांच्या कानात ती शिटी परत वाजायची. ती लांबलचक गाडी काही आवाज न करता झिंजच्या गल्लीतून गेली, वळणावर आधी तिचं बॉनेट दिसेनासं झालं, मग बाकीची. ताई म्हणाल्या, चला वर, चहा टाकते. साडूभाऊ हलले नाहीत. रिकाम्या रस्त्याकडे मान तिरपी करून ते ऐकत होते, आणि त्यांचं ऐकून होईपर्यंत आम्ही सगळे तिथेच थांबलो.