न बोलावता आलेली काफी

आमच्या कुंभकोणातल्या काफीवाल्याची नजर काफीची धार ओढताना पेल्याकडे नसते, गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे असते.

जुन्या महालात आम्ही मराठी घरांनी लग्नाचं जुनं हसवं नाटक केलं. मी नवरीचा बाप, हा काफीवाला घरचा गडी. "मामा, पडद्यामागून वाक्यं सांगायला कोणी ठेवा," म्हणाला. मी ठेवू दिलं नाही.

सगळ्या सोयऱ्यांपुढे, लग्नाला होकार द्यायचं वाक्यच मी विसरलो. तेवढ्यात हा न बोलावता काफी घेऊन आत आला. "धनी, मुलगी देता, की काफीवरच बोळवण?" लोक हसले आणि माझं वाक्य आलं.

नाटक बसवणारे मागाहून त्याच्यावर ओरडले, "मधेच कशाला घुसलास?"

"चुकलो, सर."

मला राहवेना. "मी विसरलो होतो. ह्यानं माझी लाज राखली."

त्यानं कपाळाला हात लावला. "अय्यो मामा, तुम्हीच सांगून टाकलंत, मग मी शिव्या फुकट खाल्ल्या की!"