नाथाजी मास्तरांचं इंग्रजी

सांगलीच्या एका हायस्कुलात नाथाजी मास्तर अठरा वर्षं मॅट्रिकला इंग्रजी शिकवत होते. शिकवत होते म्हणजे लिहून देत होते. बावीस निबंध, तेवढीच पत्रं. मुलांनी ती उतरवायची, घोकायची आणि परीक्षेत ओकायची. चुकलं की छडी. निकाल मात्र असा, की लांबलांबचे पालक मुलं घेऊन यायचे.

बेचाळीस साली जतकडच्या धनगराचा मुलगा गुंडा त्यांच्या वर्गातून मॅट्रिक झाला, इंग्रजीत पहिला. त्या जोरावर पलटणीत कारकून झाला. चव्वेचाळीसच्या हिवाळ्यात रजेवर आला, तो बिस्किटांचा डबा घेऊन सरळ मास्तरांच्या पाया पडायला.

"काय रे, इंग्रजी उपयोगी पडलं ना?" मास्तरांनी कौतुकानं विचारलं.

गुंडा घुटमळला. "आता खोटं कसं बोलू? पयल्याच दिवशी सायब म्हनला, 'शट द विंडो.' मला वाटलं, कायतरी इचारतोय. 'येस सर' म्हनून हुबाच ऱ्हायलो. त्यानंच उठून खिडकी लावली. समदं हापिस हसलं बगा."

"मग?"

"मग पलटणीच्या लंगरातल्या, म्हंजी सैपाकघरातल्या, आचाऱ्यानं शिकवलं. दिसभर इंग्रजीतच हुकूम सोडायचा, हे आण, ते चिर, मी करायचो. चुकलं की पुन्यांदा सांगायचा. तीन म्हैन्यांत कळाया लागलं. त्याला सही बी येत न्हाई, मास्तर."

गुंडाच्या बोलण्यात राग नव्हता. तेच मास्तरांना सोसेना. बायकोनं, शालूबाईनं, बशीत बिस्किटं दिली. मास्तरांनी बशी बाजूला सारली.

दुसऱ्या दिवशी वर्गात वारा येत होता. मास्तर म्हणाले, "शट द विंडो."

बेचाळीस मुलांनी टाक दौतीत बुडवले आणि वाक्य वहीत उतरवून घेतलं. पुढच्या बाकावरच्या लालासाहेबानं विचारलं, "सर, नवा परिच्छेद का?"

मास्तरांना मुलांची नव्हे, स्वतःची किळस आली. अठरा वर्षांत आपण तरी कुणाशी चार वाक्यं इंग्रजीत बोललो होतो? त्यांनी छडी खिडकीबाहेर टाकली. निबंध बंद केले. इंग्रजीतून सांगून मुलांना उठवायचे, बसवायचे, पाणी मागायला लावायचे. त्यांच्याबरोबर स्वतःही अडखळायचे.

पालक चिडले. हेडमास्तरांनी बोलावून घेतलं. "हा पोरखेळ कसला? परीक्षेत खिडक्या लावायला सांगतात का?"

"नाही. म्हणून तर अठरा वर्षं माझं पाप झाकून राहिलं."

पंचेचाळीसचा निकाल कोसळला. मुलं बोलू लागली होती, पण पेपरात बोलण्याला गुण नव्हते. मास्तरांचा मॅट्रिकचा वर्ग काढून त्यांना इंग्रजी पहिली, म्हणजे शाळेतला सगळ्यात खालचा वर्ग, दिली. तिथली लहान पोरं चुकत-माकत का होईना, इंग्रजीत भांडायची. मास्तरांना तेवढंच बरं वाटायचं. बाकी शिक्षकांच्या खोलीत निकालाच्या गप्पा निघाल्या, की ते उठून जात.

एकोणपन्नासात ते निवृत्त झाले. निरोपाच्या सभेत हेडमास्तर तासभर बोलले. त्या जुन्या अठरा वर्षांच्या निकालाचे आकडे वाचले, "असा इंग्रजीचा शिक्षक पुन्हा होणे नाही," म्हणाले. टाळ्या पडल्या. पुढच्या चार वर्षांचा उल्लेखसुद्धा नाही. मास्तरांनी गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला आणि मागच्या दारानं बाहेर पडले.

"एवढ्यात कसे आलात?" शालूबाईनं विचारलं. "जेवण होतं ना तिथं?"

"तिथं बसवेना," मास्तर म्हणाले. "भाकरी असेल तर वाढ."