न काढलेले चार ठिपके

हे मी आजवर कुणाच्याही कानावर घातलेलं नाही — नवऱ्याच्या नाही, आणि देवळातल्या गणपतीच्याही नाही, ज्याच्यासमोर मी वर्षानुवर्षं आरतीचं ताट धरून डोळे मिटत आले. आज तुम्हाला सांगते आहे, आणि सांगताना स्वतःचाच इतका वैताग येतो आहे की हे तिसरं पान आहे. आधीची दोन फाडून टाकली. त्या दोन्हींवर मी उसाच्या तुऱ्यांचं वर्णन करत बसले होते — रुपेरी, वाऱ्याबरोबर एकदम मान वळवणारे वगैरे. सुंदर उतरलं होतं. सुंदर ते मला नेहमीच सुचतं. तेच तर दुखणं आहे.

आमच्या बेटावर, क्वात्र बॉर्न गावाच्या बाहेर, उसाच्या शेताला पाठ टेकून आमचा कारखाना होता. सत्तरच्या दशकात मी तिथे लागले तेव्हा घड्याळांसाठीच्या इवल्या माणकांना तिथे भोकं पाडत. मी आराखडे काढणाऱ्यांत होते. मला रेघेचं वेड होतं. शाईचा वास, पारदर्शक कागदाची कुरकुर, पट्टीवरून सरकणारी टोकदार लेखणी — रविवारी देवळात मुलांना मराठी कविता शिकवायची आणि सोमवारी रेघा ओढायच्या, यात मला फारसा फरक वाटत नसे. वाटायला हवा होता.

ऐंशीच्या दशकात युरोपातून नवं काम आलं. सिलिकॉनचे, नखाहूनही लहान तुकडे. प्रत्येकाच्या मधोमध दोन पातळ पट्ट्यांवर टांगलेलं एक चौकोनी वजन — जोडलेलं नव्हे, एकाच तुकड्यातून कोरून काढलेलं. बसवाल्याने कचकन ब्रेक दाबला की उभा माणूस पुढे झुकतो ना? तसंच ते वजन झुके, आणि किती झुकलं त्यावरून यंत्राला गतीतला बदल कळे. वजनाच्या वर-खाली काचेची झाकणं आणि मध्ये केसाहून बारीक फट. मोठा धक्का बसलाच, तर वजनाने काचेला टेकावं आणि परत यावं — पट्ट्या तुटू नयेत, एवढ्यासाठी.

झाकणं आमच्याकडे तयार होत. तिकडून आलेल्या आराखड्यात काचेच्या आतल्या बाजूला चार सूक्ष्म उंचवटे दाखवलेले होते. कागदावर चार ठिपके. आमच्या यंत्रांसाठी तो आराखडा नव्याने काढणं माझ्याकडे आलं.

मी ते ठिपके काढले नाहीत.

चुकून राहिले? नाही. असं म्हणायची सोय मी फार वर्षं स्वतःपुरती ठेवली होती, आता ती मोडते. मला ते आवडले नाहीत. पाण्यासारख्या नितळ काचेवर हे देवीचे व्रण कशाला? शिवाय ते वगळले की काम एका पायरीने कमी होत होतं. सोबतच्या पत्रात विचारल्याशिवाय काहीही बदलू नये असं स्वच्छ फ्रेंचमध्ये लिहिलेलं होतं. मला फ्रेंच उत्तम येतं. मी पत्र वाचलं, घडी घातली आणि सपाट काच काढली. शेफने सही केली — आमच्या वरिष्ठाला आम्ही शेफ म्हणत असू. तो न बघता सही करी, हे मला ठाऊक होतं.

आता लीलाबद्दल सांगायला हवं. बघा, इतका वेळ टाळलंच ना मी?

लीला माझी मावसबहीण, माझ्याहून अकरा वर्षांनी लहान, ब्रीझे वेर्दिएर गावची. घरी भाजीचा मळा. कांद्याची रोपं मुळं न दुखावता वेगळी करणारी तिची बोटं पाहूनच मी तिला कारखान्यात आणलं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली वजनावर झाकण बसवायचं काम तिच्याइतकं हळुवार कुणाचं नव्हतं. रोज सकाळी मावशी तिच्या डोक्यावर खोबरेल थापून घट्ट वेणी घाली. आमच्या घरांत बिनतेलाच्या केसांनी उंबरा ओलांडायचा तो फक्त सुतकात. लीला येण्याआधी तिचा वास दारातून आत येई — गोडसर, उन्हात तापलेल्या करवंटीसारखा. वर टोपी असे. ती हात तीनदा धुई. मी रोज पाहत असे.

पाठवलेला माल परत आला. वजनं काचेला चिकटून बसली होती. एकदा टेकलेलं वजन मागे येतच नव्हतं. मी कुणाला न सांगता कोठारात गेले. लीलाने कधी हात न लावलेली कोरी झाकणं घेतली, कोरी वजनं घेतली, सुईच्या टोकाने एक वजन काचेवर टेकवलं. चिकटलं. दुसरं — चिकटलं. दोन गुळगुळीत पृष्ठं अंगाला अंग लावून बसली की सुटत नाहीत, धुतलेले दोन पेले एकात एक अडकतात तशी. चार ठिपके त्यासाठी होते. वजनाने टेकावं ते चार टोकांवर, साऱ्या अंगाने नव्हे. एवढं साधं! कुठल्याही स्वयंपाकघरात कळावं इतकं साधं!

मी बाहेर आले तर शेफ समोर उभा. "की आरिव्हे?" म्हणाला. काय झालं?

मला तीन श्वासांचा वेळ होता. मी ते मोजले होते, म्हणून सांगते. मग मी लीलाच्या वेणीकडे पाहिलं.

"देलविल कोको, शेफ," मी म्हणाले. खोबरेल.

त्याच्या चेहऱ्यावर केवढं समाधान पसरलं! हे त्याला समजण्याजोगं होतं. तो तरातरा गेला, तीस मुलींसमोर त्याने लीलाची बोटं धरून नाकाशी नेली. मागून कुणीतरी खिदळली, "अय्यो, हिची वेणी पिळली तर घाणाभर गातो पिमा तळून निघतील!" डाळीच्या भज्यांवर एक अख्खी खोली हसली. मी हसले नाही. हे मी माझ्या बाजूने सांगत नाही आहे — मी खाली मान घालून पेन्सिलीला टोक करत होते.

तिला त्याच दिवशी काढलं. फाटकाशी तिने मला गाठलं. "बाय, मी तीनदा हात धुते गो. तू बगतेस ना?"

"आता घरी जा," मी म्हणाले. "मग बघू."

काय बघणार होते मी? त्याच आठवड्यात मी आराखड्यावर चार ठिपके काढले. नवी तारीख नाही, नोंद नाही. जुना कागद फाडला. पुढचा माल निर्दोष गेला. आणि शेफ बोट उंचावून म्हणाला, "बघितलंत? ती गेली आणि सगळं सुटलं." भिंतीवर सूचना लागली: केसांना तेल लावून येऊ नये. माझ्या दुरुस्तीने लीलाचा गुन्हा सिद्ध केला. आमच्या मुली सुतकातल्यासारख्या कोरड्या केसांनी कामावर येऊ लागल्या, त्यांच्या आया आमच्या मराठी मंडळाच्या सभेत लीलाच्या नावाने बोटं मोडू लागल्या, आणि मी — मी त्या सभेचं इतिवृत्त सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं.

तीनेक वर्षांनी माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न निघालं. तेलवणाला आम्ही साऱ्याजणी जमलो. आंब्याच्या पानाने नवरीला तेल लावायचं, एकेकीने पुढे व्हायचं. लीलाची पाळी आली. तिचे केस कोरडे होते, उसाच्या वाळल्या पातीसारखे भुरे. मावशीने वाटी पुढे केली. लीलाने हात पदराखाली घेतले.

"नको गो," ती हसत म्हणाली, "माझ्या हाताचं तेल. पोरीचं नशीब कुठं चिकटून बसायचं."

बायका हसल्या. या वेळी मीही हसले. वाटी माझ्याकडे आली. मी पान बुडवलं आणि बहिणीच्या कपाळाला, खांद्यांना, गुडघ्यांना तेल लावलं. हात अजिबात थरथरला नाही. माझा हात कधीच थरथरत नाही, म्हणून तर मला आराखड्यांवर घेतलं होतं.

लीला अजून आपल्या मळ्यातली कोथिंबीर बसवाल्याबरोबर माझ्याकडे पाठवते, ओल्या फडक्यात गुंडाळून. मी ती निवडते, धुते, आमटीवर घालते.

काचेवर तेल नव्हतं. ठिपके मी काढले नव्हते. तिचे हात स्वच्छ होते.