टाकीतलं गाणं

पिंपरी-चिंचवडमध्ये गाणारे पुष्कळ असतील, पण ज्यांनी गाणं सुरू करण्याआधी चार मजल्यांचं पाणी बंद व्हायचं असे गायक एकच, आमचे रहाटणीचे घरमालक. मला गाण्यातलं फारसं कळत नाही. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिलीच, आणि तेही कॉमर्सचं. त्यामुळे त्यांचा आवाज चांगला होता की नाही, हे मी ठामपणे सांगू शकणार नाही. तो मोठा होता, एवढं नक्की. आणि तो सिमेंटच्या टाकीतून यायचा.

झालं असं होतं, की एकदा गच्चीवरची पाण्याची टाकी धुवायला मालक स्वतः आत उतरले आणि सवयीने गुणगुणले. टाकीने तो सूर असा काही गोल करून परत दिला, की झाडू हातात धरून ते तिथेच बसून राहिले. त्या दिवसापासून त्यांनी बाहेरच्या स्टुडिओंचा विषय सोडला. गाणं तयार झालं की टाकी रिकामी करायची, शिडी लावायची, डोक्याला उपरणं गुंडाळायचं आणि मोबाईल घेऊन आत उतरायचं. त्याआधी जिन्यात उभं राहून हाळी, "बादल्या भरून घ्या रं समदी! आज रेकॉर्डिंग हाय!" आमची आई चपात्यांची कणीक मळायची सोडून आधी पिंप भरायला धावायची. मालकीणकाकू आपल्या दारात उभ्या राहून म्हणायच्या, "लोकांच्या टाकीत पाणी असतंय, आमच्या टाकीत गवई हाय." एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या बिहारी भाभी अंगाला साबण लावून अडकल्या आणि न्हाणीघरातूनच ओरडल्या. ती हाक टाकीत घुमून गाण्यात उतरली. मालकांनी ती काढली नाही. "मधी कसा कोरस आलाय बघ," असं मला कौतुकाने ऐकवलं.

गाण्याला त्यांना कुठलाही विषय चालायचा. वाकडचा सिग्नल, महाग झालेली मेथी, जावयाची नवी गाडी. भाडं द्यायला गेलं की आधी नवं गाणं ऐकावं लागे. माझे वडील चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात आहेत. शिफ्ट करून आलेले वडील सोफ्यावर बसले की दुसऱ्या कडव्याला त्यांचे डोळे मिटायचे आणि मान डुलायची. मालक मला म्हणायचे, "तुझ्या बापाला लय कळतं गाण्यातलं. डोळं मिटून ऐकतो." मी हो म्हणायचे. काय सांगणार?

गाणी लोकांपर्यंत पोचवण्याची त्यांची रीतही स्वतःची होती. पेन ड्राईव्हवर गाणी भरायची आणि चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसच्या ड्रायव्हरांना चहा पाजून द्यायची. सकाळी थांब्यावर उभे राहून ते बसच्या खिडक्यांकडे बघत असत, कुणाचे ओठ हलतात का म्हणून. पुढे त्यांनी मला बोलावलं. "पोरी, तू शिकलेली. मोबाईलवर आमचं चॅनल काढ." मी घाबरत घाबरत काढलं. गाणं टाकलं की तासाभराने विचारायचे, "कुणी कुणी ऐकलं?" मी आकडा सांगायचे. "आकडा न्हाई, नावं सांग." मी म्हटलं, काका, नावं नाही कळत त्यात. ते खट्टू झाले. "मंग त्यो ऐकणारा ऐकून गेला काय आन न्हाई काय!"

नावांवर त्यांचा एवढा जीव का, ते हळदीला कळायचं. रहाटणी गावातल्या जुन्या घरांत हळद असली की मालकांना बोलावणं यायचंच. त्यांचं एक हळदीचं गाणं होतं, "हळद भिजली वाटीमंदी, पहिला हात कुणाचा?" पुढे घरातल्या एकेकाचं नाव. मामा, आत्या, चुलत्या, सगळी भाऊकी. आदल्या संध्याकाळी ते त्या घरी जाऊन सगळ्यात म्हाताऱ्या बाईजवळ बसायचे आणि नाती समजून घ्यायचे. लिहून काही घेत नसत. ज्याचं नाव गाण्यात येईल त्याने उठून हळद लावायची, असा दंडकच होता. एका लग्नात नवऱ्याचे धाकटे काका गाण्यात राहून गेले. ते न जेवता तरातरा बाहेर गेले आणि गाडीला किक मारू लागले. मालक माईक घेऊन वायर पुरेल तिथवर मागे पळाले आणि एकट्या काकांवर अख्खं कडवं तिथल्या तिथे रचून म्हटलं. गाडी बंद झाली. काका दोनदा जेवले.

हे गाणं मी चॅनलवर टाकलं आणि कुणी तरी त्यावर नाचून व्हिडिओ केला. मग दुसऱ्याने केला. आणि एके दिवशी मुंबईच्या एका म्युझिक कंपनीचा मला फोन आला, की आम्हाला काकांना भेटायचं आहे.

मालकांना याची किती आस होती, हे बाहेरच्याला कळायचं नाही. त्यांना पैशाची ददात नव्हती, पण शेजारच्याच बिल्डिंगमध्ये त्यांचा चुलतभाऊ राहायचा आणि तो येता-जाता त्यांना 'टाकीतला बेडूक' म्हणायचा. "काय बेडूकराव, पाऊस कवा पाडताय?" मालक हसण्यावारी न्यायचे. पण एकदा मला हळूच म्हणाले होते, "येकदा कंपनीचा शिक्का बसला ना पोरी, की हेचं तोंड बंद."

कंपनीचे एक साहेब आणि एक मॅडम आले. मालकांनी कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घातले होते. चुलतभाऊ "सहज आलो" म्हणत आधीच येऊन बसला होता. चहाआधी मालकांनी पाहुण्यांना टाकी दाखवली. साहेब बूट काढून खरोखरच आत उतरले, टाळी वाजवली आणि आतूनच म्हणाले, "वा!" मालकांनी चुलतभावाकडे असं पाहिलं की बस.

खाली आल्यावर बोलणी सुरू झाली. गाणं त्यांच्या स्टुडिओत पुन्हा करायचं, नाव मालकांचंच, मोठ्या अक्षरांत. कोपऱ्यातून माझ्या वडिलांनी विचारलं, "साहेब, पर्मनंट का कॉन्ट्रॅक्ट?"

"कॉन्ट्रॅक्ट," साहेब म्हणाले.

"मग मालक, जरा दमानं घ्या," वडील म्हणाले. त्यांची स्वतःची अर्धी नोकरी कॉन्ट्रॅक्टवर गेली होती. सगळे हसले.

मॅडम समजावून सांगू लागल्या, "फक्त ते नावांचं कडवं काढावं लागेल काका. आणि गाणं आमच्याकडे आल्यावर तुम्हाला कार्यक्रमात ते आम्हाला विचारल्याशिवाय म्हणता येणार नाही. शब्द बदलून तर नाहीच."

"पर येत्या हळदीला म्हणायचंय मला. ह्या पोरीच्या ताईची हाय."

"आमचं रेकॉर्डिंग लावा ना! जास्त भारी वाजेल."

"वाजंल की. पर त्यात हिच्या आत्याला कोण हाक मारंल?"

मालक माझ्याकडे वळले. "तू सांग पोरी. करू सही?"

मला ताईच्या हळदीत ते गाणं हवं होतं. आमचं इथे कुणीच नव्हतं. गाव लांब, धाराशिवकडे. मामा आजारी, आत्याचं येणं अवघड. पण या माणसाने एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली, ते मी कसं अडवू? मी म्हटलं, "करा काका."

ते हसले. "खोटं बोलताना पायाकडं बघती ही." मग पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "हळद हुंद्या. मंग या."

पाहुणे फोन करतो म्हणाले. चुलतभाऊ उठता उठता म्हणाला, "शेवटी टाकीतच बसलास ना बेडका?" या वेळी मालक हसले नाहीत.

ताईची हळद बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये झाली. गाडीभरही पाहुणे आले नव्हते. खुर्च्या रिकाम्या होत्या आणि आई त्यांच्याकडे बघायचं टाळत होती. मालकांनी सूर लावला. आदल्या दिवशी ते आईजवळ बराच वेळ बसून होते. त्यांनी आधी गावच्या आत्याला हाक मारली. ती नव्हती, म्हणून तिच्या नावाची हळद आईने लावली. मग पुढची हाक आली ती तिसऱ्या मजल्यावरच्या भाभींना, 'मावशी' म्हणून. भाभी गोंधळल्या आणि पदर सावरत उठल्या. मग मालकीणकाकू आल्या, तळमजल्यावरचे वेल्डर दादा आले, जिना झाडणाऱ्या बाई आल्या. एकेक नातं जोडत ते भाड्याच्या खोल्यांतली सगळी माणसं उठवत गेले. खुर्च्या रिकाम्याच राहिल्या, पण आता माणसं ताईभोवती उभी होती म्हणून. आणि मग मामाची पाळी आली. मागच्या खांबाला टेकून चुलतभाऊ उभा होता. मालकांनी त्याच्याकडे बघत गाण्यात मामा म्हणून त्याचं नाव घेतलं.

तो जागचा हलेना. मालकांनी ओळ पुन्हा म्हटली. मग तो आला, ताईच्या गालाला हळद लावली आणि डोळे पुसायला म्हणून हात वर नेला, तर स्वतःचंच तोंड पिवळं करून घेतलं. दुसऱ्या दिवशी लग्नात ताईच्या पाठीशी मामा म्हणून तोच उभा होता. आजही ताईच्या घरी दिवाळीला त्याचा डबा जातो. मालकांना बेडूक म्हणताना मी त्याला पुन्हा ऐकलं नाही.

कंपनीचा फोन काही आला नाही. मी एकदा चाचरत विचारलं, "काका, वाईट वाटतं का?" ते म्हणाले, "वाटतंय की थोडं. पर हळदीला तुझी आई हसली, ते म्या बघितलं." आणि शिडी आणायला निघून गेले.

आता आम्ही चाकणला राहतो, वडिलांच्या कारखान्याजवळ. नवी सोसायटी आहे, पाणी चोवीस तास. कधी तरी मात्र नळ सुं सुं करत कोरडा पडतो आणि आई चिडते. मी चिडायच्या आधी वर गच्चीकडे कान लावते.